फाटकापासून चुलीपर्यंत सतरा घरं

गाबोरोने
११ फेब्रुवारी २०१८

आदरणीय आत्या,

तुमच्या गेल्या पत्रातल्या चालीने पटावरच्या माझ्या तीन गायी एकदम गेल्या, तेव्हा म्हेलेचा हाही डाव तुमचा. सहा वर्षं टपालाने खेळून मला एवढंच कळलं, की पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईशी पत्राने खेळू नये.

या वेळी वेगळा खेळ पाठवत आहे. माझा स्वतःचा. छापखान्यात लग्नपत्रिका कापून उरलेल्या पुठ्ठ्यावर काढलेला, म्हणून कडेला सोनेरी रेघ दिसेल. पट म्हणजे आपल्या घरचं अंगण, लग्नाच्या आदल्या दिवशीचं. खाली फाटक, वर बायकांची चूल, मधे सतरा घरं. सोंगटी एकच, सोड्याच्या बाटलीचं झाकण. त्याच्या बाहेरच्या बाजूला कारखान्याचा शिक्का आहे, आतल्या बाजूला पिवळं फूल रंगवलेलं आहे.

नियम असे. शिक्का वर ठेवायचा की फूल, ते फाटकाशीच ठरवायचं. शिक्का वर असेल तर फाशावर पडेल तेवढी घरं चालायची, कोणी अडवत नाही. पण शेवटी सोंगटी पुरुषांच्या खुर्च्यांवर जाऊन बसते आणि डाव हरतो. फूल वर असेल तर एका वेळी एकच घर. वाटेत तीन माणसं आहेत. त्यांच्या घरात पोचल्यावर सहा पडले तर त्यांचं लक्ष दुसरीकडे असतं, पुढे जायचं. नाही पडले तर ती हाक मारतात आणि सोंगटी परत फाटकाशी. फूल वर ठेवून चुलीपाशी पोचलं की जिंकलं. दुसऱ्या घरात कुत्रा आहे, तो काही करत नाही.

मासेगोच्या लग्नाला ऑगस्टमध्ये येणं जमेलसं वाटत नाही. धाकट्या बहिणीचं लग्न आहे हे कळतं, पण सुट्टी नाही.

तुमचा,
मोदिसे

*

महालाप्ये
१ मार्च २०१८

प्रिय मोदिसे,

मंगळवारी टपालपेटी उघडली, तुझा खेळ मिळाला. आज गुरुवार. एक्केचाळीस वेळा हरले आहे. एकतीस वर्षं पोस्टात काढली, पण असा अन्यायी नियम सरकारनेसुद्धा कधी काढला नाही!

पहिली तक्रार. एकाच सोंगटीने कोण खेळतं? म्हेलेत बारा गायी असतात. एकच गाय घेऊन निघालेल्या माणसाला आपण खेळाडू म्हणत नाही, त्याची गुरं हरवली आहेत असं म्हणतो.

दुसरी तक्रार चित्रांची. अकराव्या घरातला हॅटवाला म्हणजे तुझा मामा ओदिरिले, हे आंधळ्यालाही कळेल. नवव्या घरात आपले फादर. पण सहाव्या घरात पर्स घेऊन उभी असलेली ही उंच बाई कोण? आणि तिचं नाक असं बसकं का?

आता मुद्द्याचं. मी नन्सच्या हाताखाली शिकले म्हणजे मला जगातलं काही कळत नाही असं समजू नकोस. चुलीपाशी एक मुलगी आहे. तुला तिच्यापर्यंत पोचायचं आहे आणि तुझे मामा, फादर आणि ती बसक्या नाकाची बाई आड येत आहेत. मग हे सरळ लिहायला काय झालं होतं? तुझा बाप, माझा भाऊ, आज नाही, तेव्हा मुलीकडच्यांशी बोलणी काढायला मीच जाणार. नाव कळव. आपल्या गावची की गाबोरोनेची? घाटा नीट ढवळते का? हल्लीच्या मुली ज्वारीच्या घाट्यात गुठळ्या करतात आणि वर हसतात.

सुट्टीचं कारण मला सांगू नकोस. ऑगस्टची सुट्टी फेब्रुवारीत नाकारणारा मालक मी अजून पाहिला नाही.

तुझी आत्या,
आग्नेस केनेइल्वे

*

गाबोरोने
९ मार्च २०१८

आदरणीय आत्या,

चुलीपाशी कोणी मुलगी नाही. फाटकापासून जी निघाली आहे ना, तीच मुलगी.

ती मी आहे. झाकणाच्या आत आहे तेच माझं नाव: सेथुन्या, फूल. छापखान्यात दोन वर्षं सगळे मला याच नावाने हाक मारतात. माझ्या टेबलावरची नावाची पाटी मालकीणबाईंनी स्वतः छापून दिली. महालाप्येच्या बसमध्ये बसताना मात्र मी झाकण उलटं करते, शिक्का वर. कोणी अडवत नाही. येते, खुर्चीवर बसते, परत जाते. मागच्या तीन नाताळांना तुम्ही ज्याला भेटलात तो फक्त शिक्का होता.

हे तोंडाने सांगणं जमेना, म्हणून पट काढला. खरं तर तो तुमच्यासाठी नव्हताच. वर्षभर मी एकटीच खेळत होते. दोनशेच्या वर डाव हरले. एका रविवारी सकाळी तिन्ही घरांत सहा पडले आणि फूल चुलीपाशी जाऊन बसलं. मी भाड्याच्या खोलीत इतकी नाचले की खालच्या बाईने काठीने छत ठोकलं. पुठ्ठ्यावर का होईना, मी तिथे बसलेली मला दिसले, आणि त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. मी अशीच आहे, आणि ठीक आहे. त्या दिवसापासून आरशाशी माझं भांडण मिटलं.

सहाव्या घरातली बाई कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. मी सात वर्षांची होते. थोरल्या काकांच्या लग्नात तुमचा डोक्याचा रुमाल बांधून मी चुलीपाशी बसले होते, लाकडं पुढे सारत. तुम्ही तो सगळ्यांदेखत ओढून काढलात आणि मला कानाला धरून पुरुषांच्या खुर्च्यांकडे नेऊन बसवलंत. नाक मला नीट काढता येत नाही, त्याबद्दल माफी असावी.

सुट्टीचं तुम्ही बरोबर ओळखलंत. सुट्टी आहे. आदल्या दिवशी मासेगोच्या चुलीपाशी बसायचं आहे मला, आणि ते होणार नाही म्हणून येत नाही.

सेथुन्या

*

गाबोरोने
२० मे २०१८

आदरणीय आत्या,

दहा आठवडे झाले. टपालपेटी तुम्ही न चुकता उघडता आणि पत्र गहाळ होणं तुमच्या गावात तुम्ही होऊ देणार नाही, म्हणजे ते तुम्हाला मिळालं आहे.

उत्तर मागत नाही. पट तेवढा परत पाठवा. तसा दुसरा मला काढता येणार नाही.

मासेगोला कळवलं आहे, येत नाही म्हणून.

सेथुन्या

*

महालाप्ये
२ जून २०१८

प्रिय सेथुन्या,

पट परत मिळणार नाही. माझं खेळून झालेलं नाही.

मी रागावले आहे. कोणाकोणावर ते क्रमाने लिहिते. आधी तुझ्यावर: तीन नाताळ मी तुझ्या ताटात कोंबडीची मांडी वाढली, ती शिक्क्याला खायला घातली काय? मग स्वतःवर. दहा आठवडे मी घाबरून गप्प बसले. हे शब्द मी लेखी देते आहे, कारण जन्मभर लोकांची पत्रं वेळेवर पोचवली आणि स्वतःचं एक लिहायला मला दहा आठवडे लागले. रोज पट मांडायची. रोज सहाव्या घरातली बाई तुला हाक मारायची. एकदा सलग पाच वेळा तिने परत पाठवलं तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, "अगं बये, जाऊ दे ना तिला!" आणि मग माझं माझ्या लक्षात आलं, मी कोणाला बये म्हणते आहे.

रुमाल हिरवा होता. कडेला पांढरे ठिपके. मला आठवतं. तू रडली नाहीस, तेही आठवतं. मी चुकले, सेथुन्या. मला गोड बोलता येत नाही, म्हणून इतकंच लिहिते.

उरलेला राग गावावर. शाळेच्या पहिल्या दिवशी सिस्टरला केनेइल्वे म्हणता येईना, म्हणून तिने सकाळच्या प्रार्थनेआधी माझं नाव आग्नेस करून टाकलं. संध्याकाळपर्यंत माझी आई, माझा बाप, शेजारचा बहिरा म्हातारासुद्धा मला आग्नेस म्हणत होता. एकाचीही जीभ अडखळली नाही! एका परक्या बाईने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेलं नाव अख्ख्या गावाने एका दिवसात पाठ केलं, आणि कोणी विचार करून स्वतःसाठी घेतलेलं नाव म्हणायला यांच्या घशात काटे रुततात?

आता कामाचं. सोबत दोन वस्तू आहेत. एक, माझ्या पोस्टाच्या कोटाचं पितळी बटण. ती दुसरी सोंगटी. नवा नियम: बटण जिच्याबरोबर चालतं तिला कोणी हाक मारायची नाही. सहावं घर आता रिकामं आहे, तिथली बाई फाटकाशी येऊन उभी राहिली आहे.

दोन, शिंप्याची टेप. लग्नासाठी आपल्या घरच्या बायकांनी निळं लेतेइसी कापड घेतलं आहे, एकाच छापाचं, अकरा ड्रेसचं. मी बारा ड्रेसचं घेतलं. मापं कळव. छाती, कंबर, खांद्यापासून मनगट. इंचात. आणि वाकून मोजू नकोस, तुझा बाप नेहमी वाकून मोजायचा आणि त्याच्या सगळ्या विजारी आखूड व्हायच्या.

तुझी आत्या,
केनेइल्वे

*

गाबोरोने
१४ जून २०१८

प्रिय आत्या,

मापं मागच्या बाजूला लिहिली आहेत. मालकीणबाईंनी मोजली, ताठ उभी करून. टेप गळ्यात घालून मी दिवसभर काम केलं.

पण ड्रेस शिवू नका.

काल ओदिरिलेमामांचा फोन आला. ड्रेस घालून येते असं मी मासेगोला कळवलं होतं; तिने आईला सांगितलं, आईने त्यांना. म्हणाले, "तू बाईच्या कपड्यात आलास तर मी अंगणात पाऊल टाकणार नाही. मग करा मामाशिवाय लग्न." आई शेजारी रडत होती, ऐकू येत होतं. मामा नसले तर नवऱ्याकडची माणसं काय म्हणतील याची मासेगोला भीती वाटते, आणि मला त्याबद्दल तिच्यावर रागावता येत नाही.

तेव्हा मी सूट घालून येते. दोन दिवसांचा प्रश्न आहे. शिक्का वर, भराभर घरं ओलांडायची, खुर्चीवर बसायचं. बहिणीचं लग्न तरी दिसेल. बटण मी खिशात ठेवीन.

सेथुन्या

*

महालाप्ये
९ जुलै २०१८

प्रिय सेथुन्या,

सूट घालून आलीस तर मी फाटकात आडवी खुर्ची टाकून बसेन आणि पाव्हण्यांना कुंपणावरून उड्या मारून आत यावं लागेल.

तुझ्या मामाकडे जाऊन आले. झाडाखाली म्हेलेचा पट मांडून बसला होता, जुलैची थंडी म्हणून अंगावर दोन कोट.

"या, आग्नेसबाई. भांडायला आलात?"

"खेळायला आले."

मी तुझा पट मांडला, नियम सांगितले. बटणाचा नियम सांगितला नाही. तुझ्या पहिल्या नियमांनी खेळा म्हटलं, फूल वर ठेवून. पंचक्रोशीत म्हेलेत त्याला हरवणारं माझ्याशिवाय कोणी नाही, त्यामुळे हसत बसला. सातव्या डावाला हसू गेलं. तेराव्याला त्याने फासा मातीत फेकला.

"हा कसला खेळ? या सोंगटीने यांचं काय घोडं मारलंय? चुलीपाशीच जायचंय ना, जाऊ का देत नाहीत?"

"तेच विचारायला इतकी लांब आले. अकराव्या घरातल्या माणसाला विचारा."

पट डोळ्यांजवळ नेऊन त्याने बराच वेळ पाहिलं.

"ही माझी हॅट आहे."

"हो."

"माझ्या हॅटला भोक नाहीये."

"आहे. मागच्या बाजूला. तुम्हाला दिसत नाही, आम्हाला दिसतं."

त्याने हॅट काढून पाहिली. मग म्हणाला, "लोक काय म्हणतील, आग्नेस?"

"लोकांना मी बघून घेते. एकतीस वर्षं त्यांची पाकिटं हाताळली आहेत. कोणाचं पत्र कोणाला जातं ते मला चांगलं माहीत आहे."

"मी येणार नाही म्हणजे नाही."

"नका येऊ. माझ्या भावाच्या अंगणात लग्न आहे आणि तिथे आत्याचा शब्द चालतो. बैलाचं मुंडकं मामाच्या मानाचं असतं, ते मी शेजारच्या कोणाच्या तरी मामाला देईन. फुकट नाही जाणार."

मी निघाले तर पट द्यायला तयार होईना. म्हणाला, एक डाव अर्धा राहिलाय. दुसऱ्या दिवशी आणून दिला. जिंकला का ते सांगितलं नाही. येणार का तेही नाही.

मासेगोलाही भेटले. तिला विचारलं, तुला कोण हवंय लग्नात? ती म्हणाली, "दोघं." मी म्हटलं, मग तसं तोंडाने सांगायला शीक, उद्या नवऱ्याशी बोलताना उपयोगी पडेल.

आता तुझ्याशी शेवटचा वाद. हाक मारणारे दुष्ट आहेत, कबूल. त्यांना मी पाहून घेते. पण फूल वर असलं की एका वेळी एकच घर चालायचं, हा नियम कोणी केला? मामाने? फादरनी? तुझ्या अक्षरात लिहिला आहे. दबकत, एकेक पाऊल, आजूबाजूला बघत. अगं, अशी चाललीस तर कुत्रासुद्धा भुंकेल. या नियमाचं काय करायचं ते तू ठरव. पट तुझा आहे.

पार्सलात ड्रेस आहे. बारावा.

तुझी आत्या,
केनेइल्वे

*

गाबोरोने
३ ऑगस्ट २०१८

प्रिय आत्या,

पार्सल पोचलं. हातांची लांबी अगदी बरोबर आहे. खळीचा वास अजून जात नाही, आणि मला तो जायला नकोच आहे.

मामा आले तर येऊ देत, नाही आले तर त्यांचं त्यांच्यापाशी. मी हा ड्रेस घालूनच बसमधून उतरेन. शुक्रवारी, सतरा तारखेला, दुपारी. फाटकाशी थांबा.

'फूल वर असेल तर एकच घर' या दुसऱ्या नियमावर विचार करते आहे.

तुमची,
सेथुन्या

*

महालाप्ये
२१ ऑगस्ट २०१८

प्रिय सेथुन्या,

तू पुढे चालत होतीस, त्यामुळे मागे काय झालं ते तुला दिसलं नाही. कोणीतरी ते लिहून ठेवायला हवं, आणि या घरात शुद्धलेखन फक्त मला येतं.

मी शाल टाचून, कोटाचं दुसरं बटण मुठीत धरून, बारा वाजल्यापासून फाटकात उभी होते. मनात ठरवलं होतं, तुझ्या कोपराला धरून सतरा घरं चालवत नेईन आणि कोणी तोंड उघडलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीन. भाषण तयार होतं. तू उतरलीस, मला वाकून नमस्कार केलास, म्हणालीस, "आत्या, चला, घाटा लागेल," आणि सुटलीस! एकेक घर कसलं, दोन-दोन घरं एका ढांगेत. माझे गुडघे सहाव्या घरापाशीच थांबले. बटण माझ्या मुठीतच राहिलं, आणि ते भाषण अजून माझ्या पोटात आहे. कधीतरी कोणालातरी ऐकावं लागेल.

नवव्या घरात फादर चहा पीत होते. त्यांनी कपाचा आसरा घेतला. तेवढं चालेल.

मग तुझा मामा. आला होता, तुला माहीतच आहे, हॅटचं भोक शिवून. लग्नाचं शिजलेलं मांस मुसळांनी कुटणाऱ्या पुरुषांच्या मधोमध बसला होता. तू जवळ आलीस आणि त्याने जुन्या नावाने हाक मारली. "मोदिसे!" सगळ्या मुसळांचा आवाज थांबला. तू थांबलीस. वाटलं, वळली आता फाटकाकडे.

तू त्याच्याकडे तोंड केलंस, गुडघ्यात वाकून रीतसर नमस्कार केलास आणि म्हणालीस, "मामा, मी सेथुन्या. मांस कुटून झालं का, की नुसत्या गप्पाच चालल्यात?"

पुरुषांच्या खुर्च्यांवर जो हशा झाला तो तू ऐकलास. तुझी पाठ वळल्यावर मामाचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. तेरा डाव हरल्यावर झाला होता तसाच. तू पाऊल उचललंस तसा तो म्हणाला, "अर्धं झालंय." आणि मग तुझ्या पाठीमागून, मोठ्याने, "जा, जा लवकर! तिकडे घाटा करपतोय!" सेथुन्या, माझ्या उभ्या आयुष्यात असं पाहिलं नव्हतं. हाक मारून परत पाठवणारा माणूस पुढे हाकलत होता!

जीभ घोळवत आनंदाची पहिली किलकारी दिली ती मासेगोने. नवरीने स्वतःच्या लग्नात सगळ्यांत आधी किलकारी द्यायची नसते, मी तिला नंतर रागावले. मग अकरा निळे ड्रेस एकदम उठले, आणि पुढचं मला धुरामुळे दिसलं नाही. धुरामुळेच. तुझी आई ओरडत होती, "हिला ढवळणं द्या, हात रिकामे आहेत हिचे!"

आता तक्रारी. तू ढवळलेल्या तीन पायांच्या हंड्यात गुठळ्या होत्या. नवऱ्याकडच्या म्हातारीने सगळ्यांत मोठी गुठळी चमच्यात धरून विचारलं, "कोणी शिकवलं या पोरीला ढवळायला?" तू लाजून हसलीस. उत्तर मला माहीत होतं. कोणीच नाही. शिकायच्या वयात ती तिथे बसली होती, आणि मीच तिला कानाला धरून उठवलं होतं. त्या गुठळ्या माझ्या खात्यावर. नाताळला चार दिवस आधी ये. मी शिकवीन, आणि शिकवताना ओरडीन.

येताना माझं लाकडी ढवळणं परत आण. तू बॅगेत घालून नेलंस, मी पाहिलं.

हो, पट. दुसऱ्या नियमावर मी 'रद्द'चा शिक्का मारला आहे. शिक्का पोस्टाचा आहे, निवृत्तीच्या दिवशी माझ्या पर्समध्ये राहून गेला, त्याबद्दल कोणी विचारलं नाही आणि तूही विचारू नकोस. अकराव्या घरातल्या हॅटचं भोक बुजवलं, न्याय म्हणजे न्याय. सहाव्या घरातली बाई ब्लेडने खरवडून काढली आणि तिला फाटकाशी नव्याने काढली, सरळ नाकाची. पट सोबत पाठवते आहे. आता डाव तुझा.

दुसऱ्या घरातल्या कुत्र्याला हात लावलेला नाही. तो पहिल्यापासूनच नीट वागत होता.

तुझी आत्या,
केनेइल्वे